पावसाच्या अंदाजाचे पैसे

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून दर मंगळवारी आणि शुक्रवारी हवामानाचं एक पत्रक निघतं. येत्या चार-पाच दिवसांत पाऊस कुठे हलका, कुठे मध्यम, सोयाबीनवर काय फवारायचं, हळदीला पाणी केव्हा द्यायचं, विजा चमकत असताना जनावरं कुठे बांधायची, सगळं त्यात असतं. भाषा सरकारी. ‘तुरळक ठिकाणी’ हे दोन शब्द काढून टाकले तर पत्रक निम्म्यावर येईल. पण या पत्रकात खताच्या कंपनीची जाहिरात नसते, आणि ते वाचायच्या आधी रमी खेळणारा नट पाच सेकंद बघावा लागत नाही. खर्च ग्रामीण कृषी मौसम सेवेतून होतो, म्हणजे तुमच्या-आमच्या करातून.

याच जिल्ह्यात, सेलू तालुक्यात, गुगळी धामणगाव आहे. तिथले पंजाबराव डख पावसाचा अंदाज सांगतात आणि तो विदर्भापासून पश्चिम महाराष्ट्रापर्यंत लोक मोबाईलवर ऐकतात. पत्रक आणि व्हिडिओ, दोन्ही एकाच जिल्ह्यातून निघतात आणि एकाच प्रश्नाचं उत्तर देतात: पाऊस कधी? यातलं खरं कोणाचं, हा वाद पारावर, हॉटेलात, बाजार समितीच्या ओट्यावर रोज चालतो. त्या वादात मला शिरायचं नाही. मला कुतूहल आहे ते वेगळ्याच गोष्टीचं, की या अंदाजाचे पैसे आजवर कोणी कोणी दिले. समाजमाध्यमं आणि जाहिरात यांचा इतिहास सांगणारे सहसा कॅलिफोर्नियातून सुरुवात करतात. तो परभणीत बसून सांगायचा तर या एका प्रश्नाचा माग काढत गेलं तरी भागतं. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आम्ही उगाच म्हणत नाही.

पहिल्यांदा पैसे सरकार देत होतं. आकाशवाणीचं परभणी केंद्र, मध्यम लहरी १३०५ किलोहर्ट्झ, हे आमच्याकडच्या दोन पिढ्यांना पाठ होतं. भारतीय रेडिओवर व्यापारी जाहिराती आल्या त्या १ नोव्हेंबर १९६७ रोजी, विविध भारतीच्या मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवर. शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम आणि हवामान मात्र सरकारी कामाचाच भाग राहिलं. निवेदक वर्षानुवर्षं एकाच संथ सुरात ‘आकाश अंशतः ढगाळ’ म्हणत राहिला. किती जणांनी ऐकलं, कोणत्या वाक्याला रेडिओ बंद केला, याची मोजदाद त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हती. त्यामुळे आवाज चढवण्याचं काही कारणही नव्हतं.

मग एकदा, थोडी वर्षं का होईना, पैसे खुद्द शेतकऱ्याने दिले. ऑक्टोबर २००७ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने महाराष्ट्रात ‘रॉयटर्स मार्केट लाइट’ नावाची सेवा सुरू केली. वर्गणी भरायची, आपली पिकं आणि जवळची बाजार समिती सांगायची, की मोबाईलवर मराठीतून एसएमएस सुरू: आजचा भाव, हवामान, पिकाचा सल्ला. जगभरच्या शेअर बाजारांच्या बातम्या विकणारी कंपनी कापसाचा भाव विकायला आमच्या दारात आली होती. मागे वळून पाहताना मला तो व्यवहार फार सरळ वाटतो. माहिती कामाची नसेल तर पुढची वर्गणी भरायची नाही, एवढं सोपं. अडचण एकच. एकाच्या मोबाईलवर आलेला एसएमएस बांधावरच्या दहा जणांना कळायचा, आणि वर्गणी मात्र एकाचीच. पुढे थॉमसन रॉयटर्सने त्यातून अंग काढून घेतलं. तोवर माहिती फुकट मिळायला लागली होती, आणि फुकटाशी स्पर्धा करणं एवढ्या मोठ्या कंपनीलाही जमण्यासारखं नव्हतं.

फुकटाची ही सवय लागली सायबर कॅफेत. गुगलचं ऑर्कुट जानेवारी २००४ मध्ये निघालं आणि ब्राझीलखालोखाल भारतात फोफावलं. तालुक्याच्या गावातली कॉलेजची पोरं तासाचे पैसे मोजून कॅफेत बसत, एकमेकांना ‘स्क्रॅप’ टाकत, गावाच्या आणि कॉलेजच्या नावाच्या ‘कम्युनिटी’ काढत. त्या पानांवर जाहिरात जवळजवळ दिसत नसे. कॅफेवाल्याला पैसे दिले की हिशेब मिटला, अशी समजूत होती. ऑर्कुटवरून भांडणं झाली ती मजकुरावरून. ऑक्टोबर २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने, म्हणजे ज्याच्या अधिकारक्षेत्रात परभणी येतं त्याच न्यायालयाने, भारतद्वेषाने भरलेल्या एका ऑर्कुट कम्युनिटीच्या प्रकरणात गुगलला नोटीस काढायला सांगितलं. कुणी काय लिहिलं आणि ते ठेवायचं की काढायचं, हा त्या काळचा प्रश्न होता. कोणतं लिखाण कुणाच्या डोळ्यांसमोर आधी यावं आणि ते कोण ठरवतं, हा प्रश्न तेव्हा पडलाच नाही, कारण तशी व्यवस्थाच ऑर्कुटमध्ये नव्हती. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झालं.

ती व्यवस्था फेसबुकने बसवली, आणि एका रात्रीत बसवली नाही. २००४ मध्ये ते कॉलेजच्या पोरांचं संकेतस्थळ होतं आणि जाहिरात म्हणजे बाजूला चिकटवलेलं एखादं पत्रक. सप्टेंबर २००६ मध्ये ‘न्यूज फीड’ आला: मित्रांच्या भिंतींवर जाऊन बघायची गरज नाही, सगळं एका रांगेत तुमच्यासमोर येणार. नोव्हेंबर २००७ मध्ये कंपन्यांसाठी पानं आणि जाहिरातीची नवी यंत्रणा एकदमच आली. मार्च २००८ मध्ये गुगलमध्ये जाहिरातीचा धंदा उभा केलेल्या शेरिल सँडबर्ग फेसबुकमध्ये गेल्या. फेब्रुवारी २००९ मध्ये ‘लाइक’ बटण आलं, आणि कुणाला काय आवडतं हे विचारत बसायची गरज उरली नाही, लोक स्वतःच अंगठा उठवायला लागले. २०१० मध्ये कंपनीने हैदराबादेत कार्यालय थाटलं. निजामाच्या काळात आमची राजधानी हैदराबादच होती. तिथून निघणाऱ्या फर्मानांची परभणीला सवय आहे, एवढंच नमूद करून पुढे जातो.

परभणीत त्या सुमारास जाहिरात म्हणजे काय होतं? भोंगा लावलेली रिक्षा. केबलच्या चॅनेलवर खालून सरकणारी पट्टी. एसटी स्टँडसमोरच्या भिंतीवर रंगवलेलं बियाण्याचं नाव. आणि फ्लेक्स. नेत्याचा वाढदिवस, वर मोठा फोटो, खाली शुभेच्छुकांच्या पासपोर्ट फोटोंची ओळ. परभणी नगरपालिकेची महानगरपालिका झाल्यावर एप्रिल २०१२ मध्ये तिची पहिली निवडणूक झाली तेव्हा शहर या फ्लेक्सांनी झाकून गेलं होतं. फेसबुक आमच्याकडे रुजलं ते याच जमिनीत. खाली उतरवावा न लागणारा आणि महापालिकेचा कर न लागणारा फ्लेक्स, अशी त्याची पहिली ओळख झाली. वाढदिवसाचे तेच फोटो, तोच ‘कार्यसम्राट’, तेच शुभेच्छुक. आपली पोस्ट हजार मित्रांना फुकट दिसते, आणि ती कायम तशीच दिसणार, असं प्रत्येकाने गृहीत धरलं.

त्या निवडणुकीनंतर महिनाभराने, १८ मे २०१२ रोजी, फेसबुकचा शेअर अमेरिकेच्या बाजारात ३८ डॉलरना आला. सप्टेंबरपर्यंत त्याची किंमत निम्म्याखाली गेली होती. कारण गुंतवणूकदारांना कळलेलं होतं. आदल्या वर्षीच्या ३.७ अब्ज डॉलर उत्पन्नापैकी ८५ टक्के जाहिरातीतून आलं होतं, पण लोक चालले होते मोबाईलकडे, आणि मोबाईलवर फेसबुकला जवळपास काही मिळत नव्हतं. छोट्या पडद्याला बाजू नसते. मग जाहिरात ठेवायची कुठे? मधोमध. भावाच्या लग्नाचा फोटो, मग साबणाची जाहिरात, मग मित्राच्या वडिलांच्या निधनाची बातमी. माझ्या मते या साऱ्या इतिहासातलं खरं वळण हे आहे. जाहिरात आणि मजकूर एकाच रांगेत आले, एकाच मापाने मोजले जाऊ लागले, आणि ज्या जागेसाठी जाहिरातदार पैसे देतो ती जागा गावातल्या पोस्टला फुकट देण्याचं कारण संपलं. ओगिल्वी या जाहिरात कंपनीने शंभरावर पानांची पाहणी केली, तेव्हा ऑक्टोबर २०१३ मध्ये पानाची पोस्ट त्याच्या चाहत्यांपैकी सुमारे १२ टक्क्यांपर्यंत पोहोचत होती. फेब्रुवारी २०१४ मध्ये ते प्रमाण ६ टक्क्यांवर आलेलं होतं. गल्लीतल्या कार्यकर्त्यापासून कृषी सेवा केंद्राच्या मालकापर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेव्हापासून ‘रीच पडला’ हे शब्द आले. त्यावर उतारा म्हणून बटण तयारच होतं: ‘बूस्ट पोस्ट’.

भारताचा स्वभाव ओळखायला मात्र या कंपनीने कमी केलं नाही. आपण पैसे वाचवायला मिस्ड कॉल देतो, हे तिच्या लक्षात आलं, आणि जुलै २०१४ मध्ये तिने खास भारतासाठी मिस्ड कॉलची जाहिरात काढली. जाहिरातीतल्या बटणावरून मिस्ड कॉल द्यायचा, मग उलट फोन येतो आणि त्यावर गाणं, क्रिकेटचा स्कोअर आणि मध्ये कंपनीचा निरोप. काटकसरीच्या आपल्या युक्तीचीच जाहिरात झाली.

डिसेंबर २०१५ हा महिना मला नीट आठवतो. चार वर्षांतला तिसरा दुष्काळ होता. वर्तमानपत्रं उघडली की एकीकडे टँकरच्या बातम्या आणि दुसरीकडे ‘फ्री बेसिक्स’च्या पानभर जाहिराती. ठरावीक संकेतस्थळं डेटाच्या पैशाशिवाय बघता येतील, अशी ही फेसबुकची योजना होती. त्याच वर्षी फेब्रुवारीत ती रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ या नावाने सुरू झाली होती, आणि महाराष्ट्र तिच्या पहिल्या राज्यांत होता. २८ डिसेंबरला मार्क झुकरबर्गचा लेख टाइम्स ऑफ इंडियात आला. त्यात महाराष्ट्रातला गणेश नावाचा एक शेतकरी होता. तो फ्री बेसिक्सवर हवामान बघून पावसाळ्याची तयारी करतो, भाव बघून माल विकतो. म्हणजे तोच आपला प्रश्न, पाऊस कधी, आता जगातल्या सर्वांत मोठ्या जाहिरात-विक्रेत्यांपैकी एकाच्या तोंडी होता, आणि त्या योजनेसाठी त्याने छापील वर्तमानपत्रांत पानंच्या पानं विकत घेतली होती. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायने मजकुरानुसार डेटाचे वेगवेगळे दर लावायला बंदी केली आणि योजना गुंडाळली गेली.

सात महिन्यांनी, ५ सप्टेंबर २०१६ रोजी, जिओ आलं आणि सगळाच डेटा काही महिने फुकट झाला. फ्री बेसिक्सला विरोध करणाऱ्यांनी आणि पाठिंबा देणाऱ्यांनी दोघांनीही सिमकार्डाच्या एकाच रांगेत उभं राहून कार्ड घेतलं. त्या वर्षी सप्टेंबरात पाऊसही बरा झाला. गावोगाव फोर-जी फोन आले, आणि अंदाजाची भूक त्यांच्याबरोबर वाढली.

भूक वाढायला आणखी एक कारण होतं. २०१७ च्या जुलैत गोदावरीपलीकडच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात, माजलगाव तालुक्यातल्या आनंदगावच्या शेतकऱ्यांनी दिंद्रुड पोलीस ठाण्यात हवामान खात्याविरुद्ध तक्रार दिली. खात्याने चांगला पाऊस सांगितला, आम्ही पेरलं, पावसाने दडी मारली, बियाणं वाया गेलं. तक्रारीत आणखी एक आरोप होता: हे अंदाज बियाणं आणि औषधांच्या कंपन्यांशी संगनमत करून दिले. या आरोपात तथ्य होतं असं मी म्हणणार नाही. पण तो सुचला कसा, हे बघण्यासारखं आहे. सरकारी अंदाज म्हणजेसुद्धा कुणाची तरी छुपी जाहिरात असेल, असं गावातल्या माणसाला आता वाटू शकत होतं. मराठवाड्याला हवामान खात्याचं स्वतःचं डॉप्लर रडार तेव्हा नव्हतं. जिल्ह्याला एक अंदाज, आणि जिल्ह्याच्या एका टोकाला जिंतूर तर दुसऱ्या टोकाला पालम. जिंतुरात धो-धो आणि पालमला ऊन, हे आमच्याकडे नेहमीचं.

या रिकाम्या जागेत व्हॉट्सॲप शिरलं. ते बनवणाऱ्या जॅन कूम आणि ब्रायन ॲक्टन यांना जाहिरातीचा तिटकारा होता. आपण जाहिराती का विकत नाही, यावर त्यांनी जून २०१२ मध्ये कंपनीच्या पानावर सविस्तर लिहिलं होतं. वर्षाला एक डॉलर घेऊ, पण मध्ये कुणाला बोलू देणार नाही, असा त्यांचा बाणा. फेब्रुवारी २०१४ मध्ये फेसबुकने १९ अब्ज डॉलरना व्हॉट्सॲप घेतलं, जानेवारी २०१६ मध्ये तो एक डॉलरही माफ झाला, सप्टेंबर २०१७ मध्ये ॲक्टन बाहेर पडले आणि २०१८ मध्ये कूमही. जाहिरात तरीही आली नाही. आमच्या बाजूने पाहिलं तर हा काळ विलक्षण होता: पैसे ना सरकार देत होतं, ना शेतकरी, ना जाहिरातदार.

डखांचे निरोप याच काळात पसरले. साधा मजकूर असायचा. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, पूर्व विदर्भ, पश्चिम विदर्भ, मराठवाडा, खानदेश असे भाग, मग शेतकऱ्यांनी काय काळजी घ्यायची, आणि शेवटी हा अंदाज आहे, वाऱ्यात बदल झाला तर पुन्हा कळवू, अशी पुस्ती. भाषणांत ते निसर्गाच्या खुणाही सांगतात: दिव्याभोवती जमणारे किडे, सूर्य मावळताना तांबडं होणारं आभाळ, धुळीत लोळणाऱ्या चिमण्या. हे सगळं आजोबांकडून ऐकलेलं असल्यामुळे ऐकणाऱ्याला ते आपलं वाटतं. हवामानशास्त्रज्ञांनी या पद्धतीवर वेळोवेळी आक्षेप घेतले आणि अधिकृत अंदाजावरच विसंबा असं आवाहन केलं. डखांचे अंदाज मानणाऱ्यांवर त्याचा फारसा परिणाम झाला नाही. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणणाऱ्यापेक्षा तारीख सांगणारा माणूस बरा, हे त्यामागचं साधं गणित. फेब्रुवारी २०१६ मध्ये व्हॉट्सॲप ग्रुपची मर्यादा शंभरावरून २५६ वर गेली, आणि ग्रुप भरला की दुसरा, दुसरा भरला की तिसरा, अशा क्रमांक घातलेल्या ग्रुपांची मालिका लागायची. एका ॲडमिनच्या हातून हजारोंपर्यंत मजकूर जात होता, आणि त्याबद्दल त्याला चहासुद्धा मिळत नव्हता.

या फुकटाची काळी बाजूही याच काळात दिसली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारलं. मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेसाठी फिरणारे लोक होते ते. सरकारने व्हॉट्सॲपला जाब विचारला. काही दिवसांत देशभरच्या वर्तमानपत्रांत व्हॉट्सॲपच्या पानभर जाहिराती झळकल्या, अफवा कशी ओळखावी हे सांगणाऱ्या. स्वतः जाहिरात न घेणाऱ्या कंपनीला लोकांशी बोलायला जाहिरातच लागली. महिना संपता संपता भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर झाली. हवामानाच्या ग्रुपांनाही ती लागू पडली.

आणि मग यूट्यूब. इथे मला थोडं रेंगाळायचं आहे, कारण अंदाजाचं रूप बदललं ते इथे.

गुगलने ऑक्टोबर २००६ मध्ये १.६५ अब्ज डॉलरना यूट्यूब घ्यायचं ठरवलं आणि २००७ मध्ये व्हिडिओ बनवणाऱ्याला जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा द्यायला सुरुवात केली. तो वाटा पुढे ५५ टक्क्यांवर स्थिरावला. जगातल्या माध्यमांच्या इतिहासात ही मोठी गोष्ट आहे आणि तिचं श्रेय द्यायला हवं. फेसबुकवर रात्रंदिवस लिहिणाऱ्याला वर्षानुवर्षं छदाम मिळत नव्हता, यूट्यूबने निदान वाटणी केली. पण वाटणीबरोबर अटी आल्या. ऑक्टोबर २०१२ पासून व्हिडिओ किती जणांनी उघडला यापेक्षा किती वेळ पाहिला याला वजन आलं. जानेवारी २०१८ मध्ये नियम झाला की किमान १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तासांचं बघणं असल्याशिवाय वाटा नाही. जुलै २०२० मध्ये मधल्या जाहिरातींसाठी व्हिडिओची किमान लांबी दहा मिनिटांवरून आठ मिनिटांवर आली. गुगलच्या ॲडसेन्समध्ये हिंदीला २०१४ च्या अखेरीस जागा मिळाली होती. मराठीला त्यानंतर बराच काळ ताटकळावं लागलं.

आता या अटी पावसाच्या अंदाजाला लावून बघा. ‘परभणी, हिंगोली, नांदेड, तारीख अमुक, मध्यम पाऊस’ हे सांगायला पंधरा सेकंद लागतात. आठ मिनिटं भरायची कशी? आधी ‘शेतकरी बांधवांनो, चॅनेलला सबस्क्राईब करा, घंटीचं बटण दाबा’. मग गेल्या अंदाजात आपण काय सांगितलं होतं आणि ते कसं बरोबर आलं. मग नकाशा. मग बाकीच्या सगळ्या विभागांचा पाऊस, आणि तुमच्या जिल्ह्याचा पाऊस शेवटी. थंबनेलवर लाल बाण, काळा ढग, वाहून जाणारी गाडी (कुठल्या देशातली कोण जाणे) आणि ‘सावधान’, ‘महाभयंकर’, ‘मोठा बदल’. पत्रक आठवड्यातून दोनदा निघतं, व्हिडिओ रोज लागतो, कारण उत्पन्न रोजच्या बघण्यावर आहे. वातावरण रोज बदलत नाही. शीर्षक मात्र बदलावं लागतं. आज काहीच विशेष नाही, कालचाच अंदाज कायम, असं सांगणारा व्हिडिओ मी अजून पाहिलेला नाही.

यात डखांचं नाव ही एक वेगळीच मालमत्ता झाली. ‘पंजाब डख हवामान अंदाज’ असं शोधलं की त्यांच्या फोटोची, नावाची, जुन्या आवाजाची भेंडोळीच समोर येतात, आणि त्यांतले कितीतरी चॅनेल आणि संकेतस्थळं त्यांची नाहीत. कुणी दोन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ नव्या तारखेने टाकतो, कुणी सरकारी अंदाजावरच त्यांचा फोटो चिकटवतो. हे करणाऱ्याला हवामानाशी देणंघेणं नाही. जून महिन्यात मराठी माणूस कोणतं नाव शोधतो, एवढं त्याला ठाऊक आहे. सरकारी पत्रकाची नक्कल कुणी का करत नाही, याचं उत्तरही हेच.

एका बघण्याचे पैसे मराठवाड्यात किती कमी, हेही ध्यानात घ्यायला हवं. यूट्यूब देशवार हिशेब सांगत नाही, पण फेसबुकचा अंदाज येतो. २०२३ च्या शेवटच्या तिमाहीत अमेरिका-कॅनडातल्या एका माणसामागे फेसबुकला सुमारे ६८ डॉलर मिळाले, आशियातल्या माणसामागे साडेपाच. सेलूतला प्रेक्षक इतका स्वस्त असल्यामुळे त्याच्यावर पोट चालवायचं तर तो लाखांनी लागतो. लाखांनी गोळा करायचा तर एका तालुक्याचा अंदाज सांगून चालत नाही, सगळ्या महाराष्ट्राचा सांगावा लागतो. आणि शेतकऱ्याला खरी गरज असते ती त्याच्या महसूल मंडळाच्या अंदाजाची.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत वंचित बहुजन आघाडीने परभणीतून पंजाबराव डखांनाच उमेदवारी दिली. २६ एप्रिलला मतदान झालं. लढत प्रामुख्याने संजय जाधव आणि महादेव जानकर यांच्यात झाली, जाधव निवडून आले, डख तिसऱ्या क्रमांकावर राहिले. मोबाईलवर कमावलेली ओळख मतपेटीपर्यंत किती जाते, याचा तो पहिला मोठा प्रयोग होता आमच्याकडे. फेब्रुवारी २०१९ पासून फेसबुकवरच्या राजकीय जाहिरातीखाली पैसे कोणी दिले ते लिहावं लागतं, आणि त्यांचा साठा कुणालाही बघता येतो. पारावरच्या एखाद्याने तो उघडून बघितल्याचं मात्र मी ऐकलेलं नाही.

जून २०२५ मध्ये उरलेली भिंतही पडली. १६ तारखेला व्हॉट्सॲपने जाहीर केलं की ‘अपडेट्स’ या भागात, स्टेटसच्या मधे, जाहिराती दिसतील. खासगी निरोपांत नाही, असं त्यांनी बजावून सांगितलं. पुढच्याच महिन्यात आपल्या विधिमंडळात या विषयाला वेगळाच रंग चढला. कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात मोबाईलवर रमी खेळत असल्याचा आरोप करत विरोधकांनी व्हिडिओ प्रसिद्ध केला. कोकाटेंनी आरोप फेटाळला. आपण यूट्यूब उघडलं तेव्हा खेळ आपोआप समोर आला आणि आपण तो ‘स्किप’ करत होतो, असा त्यांचा खुलासा होता. ३१ जुलैला कृषी खातं त्यांच्याकडून गेलं. खुलासा खरा की खोटा, ते सोडा. तो देताना त्यांना ‘स्किप’ म्हणजे काय हे कुणालाच समजावून सांगावं लागलं नाही, मला तेवढ्याचंच हसू आलं. पाऊस बघायला गेलेल्या प्रत्येक शेतकऱ्याने त्या रमीवाल्याला कधी ना कधी तसंच स्किप केलेलं होतं. ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्यात अशा खेळाची जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यावर आभाळ फाटलं. जायकवाडीचे दरवाजे उघडले, गोदावरी पात्राबाहेर आली, काठच्या शेतांतलं सोयाबीन पाण्याखाली गेलं. त्या दिवसांत मोबाईलवर ‘महाभयंकर’ म्हणणारे व्हिडिओ होतेच, आणि या वेळी तो शब्द खोटाही नव्हता, पण इतक्या वेळा वापरून झाल्यामुळे त्याचा उपयोग संपला होता. पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम या तालुक्यांतल्या नदीकाठच्या माणसाला हवा होता तो विसर्गाचा तक्ता: किती वाजता, किती दरवाजे, किती क्युसेक. तो पाटबंधारे विभाग देत होता, आणि ग्रुपवर कुणी ना कुणी त्याचा फोटो टाकत होतं.